सिरोंच्याचा डॅनी

लोक चंद्रपूरला वाघ बघायला जातात. मी एका ट्रम्पेटवाल्याला बघायला गेले. परत आल्यापासून निदान वीस जणांनी "वाघ दिसला का?" असं विचारलंय, आणि नाही म्हटलं की त्यांच्या चेहऱ्यावर जी कीव उमटते ती बघून शेवटी मी हे लिहायला बसले.

आधी कारण सांगते. माझा धंदा आवाज धुण्याचा. जुन्या टेपा आणि तबकड्यांवरची खरखर काढून त्या ऐकण्याजोग्या करायच्या. गेल्या वर्षी माझ्याकडे जॅझची एक तबकडी आली, पन्नासेक वर्षांपूर्वीची, आणि सोबत स्टुडिओतली मूळ टेप. मुंबईच्या एका हॉटेलातल्या बँडने वाजवलेल्या चार चिजा. तिसऱ्या चिजेत मध्येच एक ट्रम्पेट एकटं पुढे येतं आणि पाऊण मिनिट असं काही वाजतं, की मी काम थांबवून चहा टाकला आणि पुन्हा पहिल्यापासून ऐकलं. जॅझमध्ये अशा जागी वादकापुढे लिहिलेलं काही नसतं, त्या घडीला सुचेल ते वाजवायचं. कव्हरवर ट्रम्पेटवाल्याचं नाव होतं "डॅनी". आडनाव नाही, फोटो नाही.

मूळ टेपेवर मात्र एक गंमत होती. चीज सुरू होण्याआधी काचेपलीकडून कुणीतरी विचारतं, "ट्रम्पेट? डॅनी?" आणि एक तरुण आवाज म्हणतो, "हाव." बस. कोकणीत "हांव" म्हणजे मी. मग काय विचारता! नव्या कव्हरसाठी मी टिपण लिहून मोकळी झाले, की या एका शब्दात वादकाने आपली मायबोली सांगून टाकली आहे, हा डॅनी अस्सल गोव्याचा. "हां" मधला नाकातला सूर जरा कमी पडत होता, पण तो दोष मी टेपेच्या माथी मारला. माझ्या कानांचा मला फार अभिमान आहे, हे इथेच सांगून ठेवते.

ही तबकडी नव्याने काढतेय माझी मैत्रीण वर्षा. तिने तो पाऊण मिनिटाचा तुकडा मोबाइलवर फिरवला आणि विचारलं, याला कुणी ओळखतं का? महिनाभर चिडीचूप. मग पोस्टाने पत्र आलं, निळ्या शाईत, शाळामास्तरी अक्षरात: "डॅनी म्हणजे मी. कृपया एकदा येऊन जावे. लवकर आल्यास बरे. दौलत, मु. पो. सिरोंचा, जिल्हा गडचिरोली."

"गोव्याचा माणूस सिरोंच्यात काय करतोय?" मी म्हटलं.

"बघून ये," वर्षा म्हणाली. "कव्हर शुक्रवारी छापायला जाणार. नाव चुकलं तर पुढची पन्नास वर्षं चुकलेलं राहील. आणि थाप असेल तर जंगल तरी बघशील."

चंद्रपूर, सोमवार

स्टेशनवर राजूभाऊ गाडी घेऊन आले होते. चाळिशीचे, गोल, आणि बोलायला एकदम तयार. पहिल्या पाच मिनिटांत त्यांनी माझं माहेर, सासर आणि रक्तदाब विचारून घेतला.

"आधी पोहे खाऊ का, मॅडम?"

"चालेल."

"हाव, चाला मंग."

इकडे "हाव" म्हणजे हो. आमच्या पुण्यात हाव म्हणजे अधाशीपणा, त्यामुळे नाश्त्याला निघताना दर वाक्याला हाव ऐकून मला उगीच अपराधी वाटत होतं. पोहेवाल्याने तर्री ओतली आणि विचारलं, "सांबार टाकू?" पोह्यांवर सांबार! मी घाईने हात आडवा धरला. शेजारच्या बशीत हिरवीगार कोथिंबीर पडली तेव्हा कळलं, इथे सांबार म्हणजे कोथिंबीर. माझी बशी बोडकीच राहिली. तर्रीने मात्र कानशिलं गरम केली.

तिथून बँडवाल्यांच्या दुकानांकडे गेलो. लग्नसराई चालू होती, लाल-सोनेरी कोट दोरीवर वाळत होते आणि एक मोठा ढोल पोटावर घेऊन त्यावरच एक जण जेवत होता. सगळ्यांत जुन्या दुकानात सत्तरी ओलांडलेले शामरावभाऊ भेटले. त्यांचं वाजवणं सुटलंय, आता ते फक्त कोटांची बटणं लावून घेतात. मी दौलतभाऊंचं नाव काढलं तशी त्यांनी सुई बाजूला ठेवली.

"दौलत? मायासंगच शिकला ना तो. बल्लारशाच्या रेल्वे कॉलनीत एक गार्डसाहेब राहे. त्याच्यापाशी विलायती तबकड्या होत्या. हा सायकलनं जाये, दिवसभर आयके, आन इथी येऊन वरातीत तेच वाजवे. एकदा तं नवरदेवाचा घोडा अडूनच बसला. मास्तरनं याच्या पाठीत धपाटा घातला."

"मग मुंबईला गेले?"

"गेला. तीन वर्सं होता. हॉटेलात वाजवे, रेकॉर्डिंगले जाये म्हने. एकदा सुट्टीवर आला, आमच्या बँडात एक मानूस कमी होता म्हनून त्याले नेलं, आन मंग मुंबईले वापस गेलाच नाई. सारा जलम वरातीत आन नाटकाच्या पार्टीत वाजवलं त्यानं. वडशाच्या नाटक कंपनीत बारा सीझन केले."

"परत का नाही गेले?"

"इचारलं तं नुस्ता हासे."

"आणि ती तबकडी? ती खरंच त्यांचीच?"

शामरावभाऊंनी पुन्हा सुई उचलली. "आता कसं सांगू, बाई? वाजवे तं तो भल्ला चांगला. पन कव्हरवर नाव दुसऱ्याचं हाय ना. मानूस खोटं बोलू शकते, छापलेलं कसं खोटं बोलन?"

मला शुक्रवारी छापायला जाणारं माझं टिपण आठवलं.

आलापल्ली, मंगळवार

आलापल्लीचं सागवान बघून मान दुखते. सरळसोट खोडं, वर कुठेतरी पानं, आणि मधूनमधून परसा पेटलेला. आमच्याकडचा पळस तो इथे परसा. राजूभाऊ गाडी चालवताना झाडांची ओळख करून देत होते, "हे मोह, हे चार म्हन्जे चारोळीचं झाड, हे तेंदू," जणू गल्लीतली बिऱ्हाडं दाखवताहेत.

दुपारी एका घरगुती खानावळीत जेवलो. उकड्या तांदळाचा भात, लाखोळीच्या पाल्याची भाजी आणि कांद्याची फोड. वाढणाऱ्या बाईंनी मला पहिल्या घासापासून निरखलं आणि "पोटात दुखते का?" असं विचारलं. मी एकच वाढप घेतल्याचा तो अर्थ होता. इथे पाहुण्याने दुसऱ्यांदा भात घेतला नाही तर त्याला आजारी समजतात. मी तीनदा घेतला. मग खरंच दुखलं.

पुढे सिरोंच्याच्या रस्त्यावर व्हायचं ते झालं. त्या रस्त्याबद्दल मी काही बोलत नाही, तो स्वतःच बोलतो, गाडीच्या तळाशी. टायर बसला. राजूभाऊ चाक काढायला लागले आणि मी वेळ जावा म्हणून गाडीच्या स्पीकरवर ती तिसरी चीज लावली. जंगलातून बोरांच्या टोपल्या घेऊन तीन माडिया बायका चालल्या होत्या. त्या थांबल्या. ट्रम्पेट सुरू झालं तशी त्यांच्यातली म्हातारी इकडेतिकडे बघायला लागली आणि राजूभाऊंना गोंडीत काहीतरी म्हणाली.

"का म्हन्ते मालूम हाय का?" राजूभाऊ चाकाखालून हसले. "म्हन्ते, लगन कोनाचं हाय? वरात कुठी हाय?"

मुंबईच्या हॉटेलात जाणाऱ्या सूटवाल्या लोकांसाठी वाजलेला तो सूर इथे ऐकला की नवरदेव शोधतात. म्हातारीला वरात नसल्याचं मनापासून वाईट वाटलं. ओंजळभर बोरं मला देऊन ती गेली, आणि पैसे घे म्हटलं तर रागावली.

"मॅडम, तुमाले का वाटते?" चाक लावून झाल्यावर राजूभाऊंनी विचारलं. "तो मानूस खरा का लबाड?"

"लबाड नसावा. पण डॅनी गोव्याचा आहे, हे टेपेवर मी माझ्या कानांनी ऐकलंय."

"हाव का?" ते म्हणाले. "मंग तं कठीन हाय."

सिरोंचा, बुधवार

सिरोंचा म्हणजे गोदावरी, आणि गोदावरीपलीकडे तेलंगणा. दुकानांच्या पाट्या दोन लिप्यांत, भांडणं दोन भाषांत. गावाबाहेर शेतांमध्ये मिरच्या वाळत घातलेल्या, लांबवर लालच लाल. गाडीच्या काचा बंद होत्या तरी आम्ही दोघं शिंकतच गावात शिरलो.

दौलतभाऊ दारातच उभे होते. पंचाहत्तरीच्या पुढचे, शिडशिडीत, पांढरा शर्ट खोचलेला, दाढी घोटून केलेली. हसले तेव्हा नवी कवळी चमकली. फळीवर धुतल्या फडक्याखाली ट्रम्पेट होतं.

"वाजवून दाखवलं असतं," ते म्हणाले, "पन दात गेले तसं हे गेलं. ओठाले मागून टेका लागते. कवळीवर फुंकलं तं कवळीच बाहेर येते."

त्यांच्या पत्नी रामक्का चहा घेऊन आल्या. ठसठशीत बांधा, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि नवऱ्याला मोठ्याने विचारलं, "ह्या कोन? मिरची घेनाऱ्या मॅडम का?"

"नाई," दौलतभाऊ त्यांच्या उजव्या कानाशी वाकून ओरडले. "रेकॉर्डच्या!"

"डॅनी!" असं म्हणून रामक्का कपाळाला हात लावत आत गेल्या.

मी चमकले. म्हणजे घरातही त्यांना डॅनीच म्हणतात! तेवढ्यात दारावर मासेवाली आली, मासे आत्ताच नदीतून काढलेत असं अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्याने ओरडली, आणि आतून रामक्कांचा आवाज आला, "डॅनी नको सांगू! कालचे हायत."

दौलतभाऊंनी ओशाळं हसून खुलासा केला. "आमच्या घरात थापेले डॅनी म्हन्तेत. लगन झाल्यावर मी हिले सांगतलं, रेकॉर्डवर डॅनी लिवलं हाय तो मीच. एक रेकॉर्ड आनली होती मी, पन वाजवाले मशीन कुठी होतं? कव्हर दाखवलं, हिनं कोनाकडून तरी नाव वाचून घेतलं. बस. तवापासून साऱ्या गल्लीत डॅनी म्हन्जे लबाडी. पुढं पुरात ती रेकॉर्ड बी गेली."

मी हसले, पण वही काढून बसले. कव्हर शुक्रवारी छापायला जाणार होतं. "दौलतभाऊ, मला सगळं पहिल्यापासून सांगा. तुमचं नाव डॅनी कसं झालं?"

त्यांनी बशीतला चहा संपवला.

"डॅनी आमच्या हॉटेलच्या बँडातला मोठा वादक होता. गोव्याचा. मी तिसरा, म्हन्जे मागं उभं राहून भर घालनारा, रेकॉर्डिंगले मले बलावलं नव्हतं. रेकॉर्डिंगच्या दिवशी त्याले ताप भरला. मले म्हने, दौलत, तिथी जा आन सांग, मी येत नाई. म्हनून मी गेलो. संध्याकाळी हॉटेलात वाजवाचं होतं, म्हनून ट्रम्पेट हातातच होतं. आत गेलो तं आमच्याच बँडाची दहा-बारा मानसं बाजे घेऊन बसलेली. काचेमागून साहेबानं माइकवर इचारलं, ट्रम्पेट? डॅनी? मले वाटलं, डॅनीकडून आला का, असं इचारून राह्यला. मी म्हनलं, हाव."

माझी पेन्सिल थांबली.

"तो साहेब गोव्याचाच. त्यांच्यात हांव म्हन्जे मी. त्याले वाटलं, हाच डॅनी. पुढचं मी का बँडातलं कोनी सांगनार, तं लाल दिवा लागला. लाल दिवा लागला की बोलाचं नाई, येवढंच मले मालूम होतं. समोरच्यानं चार आकडे मोजले आन सारे वाजवाले लागले. चीज रोज रातची हॉटेलातलीच होती, मी बी वाजवली. मंग मधात सारे थांबले आन मायाकडं पाहू लागले. ती डॅनीची जागा होती."

"मग?"

"मंग का? बल्लारशाचा गार्डसाहेब आठवला, आन वाजवलं."

त्यांनी हे इतक्या साध्या सुरात सांगितलं, की जणू कोणीतरी भाजीचा भाव सांगतंय. मी मात्र खुर्चीत ताठ झाले होते. वर्षाने फिरवलेल्या तुकड्यात फक्त वादन होतं. काचेमागचा तो प्रश्न आणि ते उत्तर मूळ टेपेवर होतं, आणि मूळ टेप माझ्या कपाटात. तो "हाव" टेपेवर फक्त वर्षाने आणि मी ऐकला होता; बाकी तो माहीत असणार तो त्या दिवशी स्टुडिओत असलेल्यालाच. आणि मी, आवाज धुणारी बाई, तीन दिवस राजूभाऊंच्या तोंडून तोच शब्द शंभर वेळा ऐकूनही मख्ख बसले होते.

दाराशी उभे राहून ऐकणारे राजूभाऊ आता पायरीवर बसून हसत होते. "मॅडम, मी का म्हनून राह्यलो होतो सोमवारपासून?"

"हसा," मी म्हटलं. "हसा तुम्ही." आणि मलाही हसू आवरेना.

बाकीची हकिकत सरळ होती. डॅनीला नंतर सगळं सांगितलं तेव्हा तो पोट धरून हसला आणि म्हणाला, राहू दे, तू माझं नाव मोठं करतोयस. पुढे तो जहाजावर वाजवायला गेला आणि गाठ पडली नाही. स्टुडिओवाले दौलतभाऊंना "डॅनी" म्हणूनच बोलावत राहिले. पुढच्या दोनेक वर्षांत आठ-दहा तबकड्या झाल्या, पण बहुतेक मागे भर घालायच्याच. एकट्याची जागा मिळाली ती तेवढी एकदाच, आणि तीही चुकून.

कव्हरचं काय झालं ते इथेच सांगून टाकते. नदीकाठी जिथे मोबाइल लागतो तिथे जाऊन मी वर्षाला फोन केला. कव्हरवर आता दौलतभाऊंचं नाव आहे, आणि माझं विद्वान टिपण मी माझ्या हाताने फाडलं. पण हे नाव घालतेय असं सांगितलं, तेव्हा दौलतभाऊ नुसते "बरं" म्हणाले.

"तुम्हाला आनंद नाही झाला?"

"झाला ना. पन त्यासाठी तुमाले नाई बलावलं, मॅडम." ते स्वयंपाकघराकडे बघत होते. "हिचा डावा कान गेला. डॉक्टर म्हन्ते, उजवा बी जाऊन राह्यला, वर्साभरात काईच आयकू येनार नाई. भाच्यानं मोबाइलवर तो तुकडा लावला तं हिले नुस्तं चिंचीं आयकू आलं. मले नावाचं काई नाई. पन हिनं मले जलमभर लबाड म्हनलं, आन आता हिचा कान बंद व्हाच्या आत येकदा हिनं ते आयकावं. मंग लबाड म्हनली तरी चालन."

माझ्याकडे कामाचे मोठे हेडफोन होते, कान पूर्ण झाकणारे. त्यातून सुई पडलेलीही ऐकू येते. मी लॅपटॉप काढला, उजव्या बाजूचा आवाज वाढवला आणि रामक्कांना बोलावलं. त्या हाताला मासे लागलेत म्हणून कुरकुरत आल्या. हात धुऊन बसल्या, आणि मी हेडफोन त्यांच्या अंबाड्यावरून चढवला.

मी मूळ टेपेची लॅपटॉपवरची नक्कल सुरुवातीपासून लावली. तो प्रश्न आला असेल, ते उत्तर आलं असेल. रामक्का एकदम दचकल्या आणि वळून नवऱ्याच्या तोंडाकडे बघायला लागल्या. मिटलेल्या तोंडाकडे.

"अय्यो," त्या म्हणाल्या. "हा तुमचा आवाज होय."

मग ट्रम्पेट सुरू झालं असावं. आम्हाला बाहेर काहीच ऐकू येत नव्हतं, फक्त त्यांचा चेहरा दिसत होता. पदराचं टोक हातात घट्ट धरून त्या बसल्या होत्या आणि हळूहळू त्यांचं डोकं डोलायला लागलं. दौलतभाऊ भिंतीला टेकून उभे होते, परीक्षेचा निकाल लागत असलेल्या पोरासारखे. चीज संपली. रामक्कांनी हेडफोन काढला नाही. मला बोटाने खूण केली, पुन्हा. मी पुन्हा लावली.

मध्येच त्या नवऱ्याकडे बघून बोलल्या, आणि कानांवर हेडफोन असल्याने इतक्या मोठ्याने, की समोरच्या घरातली बाई दारात आली.

"येवढं चांगलं वाजवत होता तुमी, तं मुंबई सोडून वापस काऊन आला?"

शामरावभाऊंना आणि साऱ्या गावाला नुसतं हसून दाखवलेल्या माणसाने या खेपेला उत्तर दिलं.

"सुट्टीवर आलो तवा बँडासंग सिरोंच्याले आलो होतो ना, तुह्या बहिनीच्या लग्नात," ते म्हणाले. "तिथी तुले पाह्यलं. म्हनून."

रामक्का डोलतच होत्या. त्यांना यातलं अक्षरही ऐकू गेलं नव्हतं. दौलतभाऊंनी मान हलवली, राहू द्या, अशी, आणि फळीवरच्या ट्रम्पेटचं फडकं उगीच सारखं करायला लागले.

पायरीवरचे राजूभाऊ उठले, चपला काढून आत आले आणि रामक्कांच्या उजव्या कानावरचा हेडफोन अलगद बाजूला सरकवला.

"बाई," ते त्यांच्या कानाशी ओरडले, "गानं मंग आयका. आधी हे का म्हनून राह्यले ते आयका."

रामक्का नवऱ्याकडे बघत राहिल्या. समोरची बाई दारात, मी लॅपटॉप घेऊन, राजूभाऊ हेडफोन धरून. दौलतभाऊंनी एकदा आमच्या सगळ्यांकडे पाहिलं, लाजून लालबुंद झाले, आणि बायकोच्या चांगल्या कानाशी वाकून त्यांना ते सगळं पुन्हा, ओरडून सांगावं लागलं.